मजलिशीला किती टन?

गेल्या वर्षी गदीरच्या सणाला माझ्या शेजारणीच्या, हसनाच्या, घरची मजलिस अर्ध्यावर मोडली, आणि मोडली तीही नेमकी जिथे मोडू नये तिथे.

मुल्लाया रसमीया आख्यान सांगत होती. आमच्या बसऱ्यात बायकांची मजलिस बाईच चालवते. गाऊन प्रवचन सांगणारी ती मुल्लाया, आणि तिच्या पदाला साथ देणाऱ्या तिच्या झेलकरणी. रसमीयासारखा गळा नदीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही. मी जन्मभर मजलिशी ऐकत आले, पण ती ‘या अल्लाह’ म्हणून पहिला सूर लावते तेव्हा आजही माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहतो. तर तिच्या आख्यानात पैगंबर हजहून परतत होते. ऐन दुपार. वाळू एवढी तापलेली की लोकांनी अंगावरच्या चादरीचं एक टोक डोक्यावर घेतलेलं आणि दुसरं पायांखाली. तरीही पैगंबरांनी काफिला थांबवला, उंटांची खोगिरं रचून त्यांचं मिंबर, प्रवचनाचा चौथरा, केलं, ते वर चढले, जावई अलींचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला... आणि सरकारी वीज गेली.

मोहल्ल्याच्या जनरेटरवरून त्या घराला जी लाइन आहे, तिच्यावर पंखे आणि दिवे चालतात. खिडकीतला जुना दीड टनी एसी चालत नाही. बघता बघता खोलीची भट्टी झाली. रसमीयाने ते पद दोनदा उचललं, दोनदा तिचा दम तुटला. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, “माफ करा गं बायांनो, नाही होत.” बायकांनी तिला धरून अंगणात नेलं.

अलींचा हात वर गेलाच नाही, आणि गदीरचा सण तर त्या वर गेलेल्या हाताचाच.

हसनाच्या सासूने, हाज्जिया बद्रीयाने, याचा धसकाच घेतला. लग्न होऊन आल्यापासून दर गदीरला तिने त्या खोलीत मजलिस भरवली होती. हिवाळ्यात ती अल्लाहला प्यारी झाली. शेवटच्या आजारपणात मी रोज जाऊन बसायचे, तेव्हा ती मला म्हणायची, “उम्म नाजी, माझ्या घरात तो हात वर जायचा राहिला गं.” आणि पायाशी बसलेली हसना मान खाली घालून तिचे तळवे चोळत राहायची. मला माहीत होतं की तिने ते शब्द मनात गाठ मारून ठेवलेत.

मयताचा चाळीसावा झाल्यावर हसनाची थोरली जाऊ वफीका आली. नव्या वस्तीत तिचं मोठं घर, दिवाणखाना असा की त्यात लग्न लावावं. बाई वाईट नाही, पण तिच्या चांगुलपणालासुद्धा टाचा असतात, ठक ठक वाजतात.

“हसना, यंदापासून मजलिस माझ्याकडे. मुल्लायाशी मी बोललेय.”

“जाऊबाई, ती अम्मींची खोली आहे.”

“अम्मींची खोली म्हणजे तंदूर आहे. बायका भाकऱ्यांसारख्या भिंतीला चिकटतात. म्हाताऱ्या मुल्लायाचा जीव घ्यायचाय का तुला?”

हसनाने ओढणी सारखी केली. “यंदाची इथेच होऊ द्या. मुल्लायाने हात वर नेला तर मजलिस या घरात राहील. नाहीच जमलं, तर मी स्वतः अम्मींची चटई गुंडाळून तुमच्याकडे आणून देईन.”

वफीकाने माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंस ना, उम्म नाजी? तू साक्षीला.”

रसमीयाला विचारलं तर ती म्हणाली, “मला ना मोठं घर ठाऊक ना लहान. ज्या खोलीत माझा दम टिकेल तिथे मी सांगेन. आणि हे बघ, गारठ्यातही माझा गळा बसतो. मला उकाडा नको न् बर्फही नको.”

आता हसनाचा नवरा जब्बार. हा बंदरात क्रेन चालवतो, त्यामुळे जगात जे काही आहे ते तो टनांत मोजतो. ‘एसी घ्यायचाय’ एवढं ऐकून तो जो बाहेर पडला, तो संध्याकाळी एक ट्रक घेऊनच परतला. नदीकाठचा लग्नाचा हॉल बंद पडला होता, तिथला उभा एसी त्याने उचलून आणला. कपाटाएवढं धूड, पाच टनी. दारातून आत जाईना म्हणून दाराची चौकट काढली.

“हे घे!” तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. “आता बसऱ्यातली सगळी मंडळी आत बसव.”

“अबू हातिम, हा खोलीसाठी आणलात की खोली ह्याच्यासाठी?” हसना नवऱ्याला म्हणाली; आमच्यात बापाला मुलाच्या नावाने हाकारतात. खरंच, भिंतीशी तो उभा राहिला तेव्हा चार बायकांची जागा त्यानेच खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवली. समुद्राकडून शरजी सुटला होता, आमचा तो ओला, चिकट वारा, ज्यात वाळत घातलेला कपडा संध्याकाळी आणखी भिजून हातात येतो. रसमीयाला मुद्दाम बोलावलं होतं, वफीकाही बघायला आली होती. जब्बारने बटण दाबलं. घरातले दिवे एकदा मिणमिणले आणि त्या धुडाने असा श्वास सोडला की माझ्या डोक्यावरची चादर मागे उडाली. आम्ही ‘सुभानल्लाह’ म्हणेपर्यंत खोली गार झाली, आणि गार झाली तशी ती स्वारी गप्पही झाली.

“झालं तिचं काम,” जब्बार म्हणाला. “बघा, थकत नाही, घाम नाही.”

घाम आला, पण भिंतींना. हवा थंड झाली होती, मात्र तिच्यातली ओल जिथल्या तिथे होती. एसीला ओल ओढून घ्यायची तर त्याला निवांत चालत राहावं लागतं. हा एक आरोळी ठोकून झोपत होता, उकडायला लागलं की पुन्हा आरोळी, पुन्हा झोप. थोड्या वेळाने गाद्या दमट लागायला लागल्या. माझे गुडघे बोलू लागले. रसमीयाने एक सूर लावून पाहिला, दोनदा खोकली आणि अबाया अंगाभोवती घट्ट ओढून म्हणाली, “बाळा जब्बार, ही मजलिस आहे की मासे ठेवायची खोली?”

तेवढ्यात सरकारी वीज गेली. जब्बारने लगेच जनरेटरची कळ वर केली. खाड! आमच्या घरी टीव्ही बंद. शेजारी अंधार. अख्ख्या गल्लीतून बायकापोरांचा ‘एऽऽ’ असा सूर उठला, आणि पाठोपाठ जनरेटरवाल्या अबू किफाहचा आवाज, जो त्या यंत्रापेक्षाही मोठा.

“कोण तो हरामखोर? माझ्या जनरेटरला जहाज कुणी बांधलं?”

जब्बार खिडकीतून ओरडला, “चुकून झालं रे!”

“जब्बार, तू? तुझ्या लाइनवर गाढव चालतं, हत्ती नाही! उतरव तो आधी!”

रसमीया हसून हसून पुन्हा खोकली. वफीका मात्र हसली नाही. ती शांतपणे उठली, चपला घातल्या आणि जाताना चौकट नसलेल्या दाराकडे बघून म्हणाली, “चटई नीट झटकून आण हं, हसना.”

धूड परत गेलं. बकरी ईद तोंडावर आली होती आणि गदीर ईदनंतर आठवड्याने. हसना जब्बारला घेऊन बाजारात गेली. दुकानदार हाज्जी माझ्या ओळखीचा म्हणून मलाही ओढलं.

“खोली केवढी?” हाज्जीने विचारलं. जब्बारने हात पसरून सांगितलं. “मग दीड टन. डोळे मिटून घेऊन जा.”

“दीड टन आहेच आमच्याकडे,” हसना म्हणाली.

“गार होत नाही?”

“आम्ही घरचे झोपतो तेव्हा पांघरूण लागतं.”

“मग मुली, तुला हवंय तरी काय?”

“मला खोली गार नकोय, हाज्जी. मजलिस गार हवीय.”

हाज्जीने हातातली तसबीह, जपमाळ, खाली ठेवली. “हे आधी सांगायचं. बायका किती?”

“सगळी गल्ली.”

“भिंतीला टेकून की मधेही?”

“मधेही. मांडीला मांडी लावून.”

“अरे देवा. तर ऐक. एकेक माणूस म्हणजे पेटलेला जुना मोठा बल्ब धर. खोली बल्बांनी भरली. वर छत उघडं?”

“दिवसभर ऊन.”

“पश्चिमेची भिंत?”

“तिला खिडकी आहे, उन्हाचीच. शेजारच्या खोलीत चहाचं भांडं उकळत असतं. आणि दार तर मजलिशीला मिटतच नाही.”

हे खरं. मजलिशीच्या दिवशी घराचं दार मिटणं म्हणजे आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर मिटणं. आमच्यात ते कुणी करत नाही. हाज्जीने ओठ हलवत हिशेब केला. “तीन टन. एक तोळा कमी नाही.”

“आणि मुल्लाया दोन बल्बांची धरा,” जब्बार म्हणाला.

“गप्प बसा हो. हाज्जी, आणि आमच्या जनरेटरवर काय चालेल?”

“हळू सुरू होणारा, कमी ओढीचा असा नवा एक टनी. त्याहून एक चमचाही जास्त नाही.”

“म्हणजे मला लागतात तीन, आणि झेपतो एक.”

“हो.”

“मग करू काय?”

हाज्जीने तसबीह उचलली. “मजलिस हिवाळ्यात घे.”

“सण माझ्या सोयीने येतो का, हाज्जी?”

परतून घराशी आल्यावर हसना म्हणाली, “उम्म नाजी, बहुतेक मी चटईच गुंडाळणार.”

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्याच मोहल्ल्यात एका घरी नवसाची मजलिस होती. हसनाचा पाय निघत नव्हता. मीच तिला नेलं. म्हटलं, चल गं, दुःखाला घरी बसवून ठेवलं की ते पाय पसरतं. रसमीया त्या दिवशी विलक्षण रंगात होती. ती मंद सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी सुरू झाली. पद हळूहळू चढलं. आणि जिथे वाटावं की आता ही थांबणार, तिथे तिच्या दोन्ही बाजूंच्या झेलकरणींनी, तुर्कीयाने आणि तिच्या बहिणीने, ध्रुवपद उचललं. रसमीयाने डोळे मिटून दोन श्वास घेतले, आणि सूर जमिनीला लागायच्या आत तो पुन्हा आपल्या ओंजळीत घेतला. ऐकणाऱ्याला मध्ये खंड पडला हे कळलंसुद्धा नाही.

आवरल्यावर सुक्या लिंबाचा कढत चहा पीत आम्ही तिच्याजवळ बसलो. हसना म्हणाली, “खाला, एवढा वेळ दम कसा टिकवता तुम्ही?”

“मी कुठे टिकवते? वेडी की काय! मी टिकवायला गेले असते तर केव्हाच कबरीत असते. मी सोडते तेव्हा ह्या दोघी धरतात. ह्यांचे गळे माझ्यापुढे चिमुकले. पण सूर खाली पडू देत नाहीत पोरी.”

“आणि सुरुवात एवढी हळू का?”

“जी पहिल्याच पदात वर चढते ना, ती दुसऱ्यात धापा टाकते. आधी खोली भरायची, सावकाश. बायकांची मनं एकदा भिजली की पुढे माझा दम थोडा कमी पडला तरी त्याच मला तारून नेतात.”

तुर्कीया म्हणाली, “आमच्या मजुरीत मात्र हे ‘तारणं’ कधी दिसत नाही हं, खाला.”

सगळ्या हसल्या. हसना हसली नाही. ती चहाच्या पेल्यात बघत होती. मग तिने पेला खाली ठेवला, माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, “उठा.”

“अगं, माझा चहा!”

“हाज्जीचं दुकान बंद होईल. एक मोठा नकोय मला. दोन लहान हवेत.”

एक टनी, कमी ओढीचे, दोन. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींवर. सरकारी वीज असली की दोघांनी गायचं. ती गेली की एकाने ध्रुवपद धरून ठेवायचं. हाज्जी ऐकत राहिला, मग म्हणाला, “दोन होतात, तिसरा टन कुठून आणशील?”

“तो मी कमी करते. तुमच्याकडून नाही आणणार, उन्हाकडून काढून घेणार.”

आणि मग गल्लीने हसनाचं काम पाहिलं. जब्बारच्या मामाकडून, खाली पाणथळ मुलखातून, वेताच्या चटया आल्या. जब्बारने छपरावर बांबू उभे करून त्यांचा मांडव घातला, की ऊन छताला शिवू नये. खाली उतरून म्हणाला, “आज पहिल्यांदाच असं ओझं वर चढवलं, ज्याला वजनच नाही.” पश्चिमेच्या खिडकीतला जुना एसी काढून तिथे तिने जाड फळी आणि तिच्यावर गोधडी ठोकली. चहाचं भांडं आणि गहू-मटण घोटून करतात त्या हरीसाचं पातेलं माझ्या अंगणात आलं. घराचं दार तर मिटायचं नव्हतं. पण तिथून खोलीपर्यंत एक बोळ आहे. तिने बोळाच्या दोन्ही टोकांना दोन जाड घोंगड्या टांगल्या. एकीतून आत शिरा, ती मागे पडू द्या, मगच दुसरी उचला. दार उघडं, पाहुण्याचा मान शाबूत, आणि गारवा आतल्या आत.

जब्बारने टोमणा मारला, “आता बायकांना आत यायला शिकवणी लावणार?”

“लावणार. उम्म नाजी बोळात बसणार आहे.”

मी बसले. मजलिशीतली माझी जागा सोडून, दाराशी. तिच्या सासूला मी शब्द दिला नव्हता, पण तो हात वर जाताना मलाही ऐकायचा होता.

गदीरच्या आदल्या संध्याकाळपासून वीज असेल तेव्हा दोन्ही यंत्रं मंद चालू होती. आरोळी नाही, झोप नाही. सकाळी मी भिंतीला तळहात लावला. वीट आतपर्यंत थंड होती आणि कोरडी.

दुपार कलल्यावर बायका यायला लागल्या. मी बोळात खेकसत होते, “पहिली घोंगडी पडू दे गं! अगं सोड ती, तुझ्या नवऱ्याची बाही आहे का?” वफीका आली ती हातात मोठा पंखा घेऊन, खजुरीच्या पानांचा. आत गेली, टेकून बसली, पंखा मांडीवर ठेवला. तिच्या नजरेत काही दिसलं नाही. पण पंखा तिने हलवला नाही, हे मी घोंगडीच्या फटीतून पाहिलं.

रसमीया मधोमध बसली, तुर्कीया डावीकडे, तिची बहीण उजवीकडे. ‘या अल्लाह.’ मंद, जवळजवळ बोलल्यासारखी. खोली खांद्याला खांदा लागून भरलेली. काफिला निघाला. ऊन चढलं. वाळू तापली. लोकांनी चादरी डोक्यावर घेतल्या. खोगिरांचं मिंबर झालं. पैगंबर वर चढले.

आणि वीज गेली.

दिवे विझले तशी आतली एकही बाई हलली नाही, पण सगळ्यांनी श्वास धरला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, या रब, तू उन्हात उभ्या असलेल्या लोकांचं ऐकलंस, आमचंही ऐक. जब्बारने कळ ओढल्याचा आवाज आला. गल्लीत कुठेच खाड झालं नाही. अबू किफाह ओरडला नाही. पंखे फिरले. एका भिंतीवरचं यंत्र गप्प राहिलं. दुसऱ्यावर एक हिरवा ठिपका लागला, आणि अगदी हळू, झेलकरीण ध्रुवपद धरते तसा, त्याने वारा धरला.

रसमीया थांबली होती. तिची नजर त्या हिरव्या ठिपक्यावर गेली, मग भिंतीवर, मग हसनावर. तुर्कीया आणि तिची बहीण ध्रुवपद म्हणत राहिल्या. एकदा. दोनदा. रसमीयाने मागच्या भिंतीला पाठ टेकवली, तो थंडावा पाठीतून आत घेतल्यासारखा एक लांब श्वास घेतला, आणि असं पद उचललं की मी घोंगडी बाजूला सारून उभीच राहिले; कुठलं दार न् कुठला गारवा! पैगंबरांनी अलींचा हात घेतला. तो वर नेला. आणखी वर. “ज्याचा मी धनी, त्याचा हा अली धनी!” रसमीयाचा स्वतःचा हात हवेत होता, सुरकुतलेला, थरथरणारा, आणि सूर मात्र एकदाही थरथरला नाही. तिने तो धरून ठेवला, आम्हाला वाटलं की आता सोडेल, तरी तिने धरलाच होता.

मग हलहुला उठली, बायकांची ती आनंदाची ललकारी. कुणी पहिली जीभ फिरवली ते सांगता येणार नाही. सगळ्या खोलीने एकदम फिरवली. मिठायांची उधळण झाली, म्हाताऱ्या बायका लहान मुलींसारख्या त्यांवर झेपावल्या. गर्दीत मी पाहिलं, वफीका रडत होती आणि रडता रडता सगळ्यांपेक्षा मोठ्याने हलहुला देत होती. तिने खजुरीचा पंखा हवेत भिरकावला. तो येऊन माझ्याच डोक्यावर पडला.

हसना कुठे? ती सासूच्या चटईवर, जिथे कोणी बसत नाही त्या कोपऱ्यात, कपाळ टेकून होती. मी तिला उठवलं नाही.

हळूहळू बायका पांगल्या. हरीसाची ताटं फिरली. वफीका हसनाजवळ आली, घसा साफ केला.

“हसना, ते यंत्र... किती टनी म्हणालीस?”

“एक-एक टनी, जाऊबाई.”

“माझ्याकडे चार टनी आहे.” तिने आवाज खाली आणला. “फार ओरडतो गं तो.”

“मी येईन बघायला. आधी छत बघू.”

एवढ्यात वीज आली, आणि दुसऱ्या भिंतीवरचं यंत्रही जागं झालं. आता खोलीत उरल्या होत्या मोजक्या बायका, पण गाणारे दोघेही होते. रसमीया हरीसाचा शेवटचा घास बोटाने पुसून घेत होती. तिने अंग आक्रसून घेतलं, दोन्ही भिंतींकडे पाहिलं आणि हाक मारली.

“हसना, ए पोरी! पुढच्या वर्षी मला दाराशी बसव. आणि आत्ता आधी माझी अबाया दे. थंडी वाजतेय.”